माझे आडनाव पिंडर नाही

ग्रिंडलबेक, यॉर्कशर
चैत्र वद्य एकादशी, मंगळवार
(उपास आहे. साबुदाणा संपला, उकडलेल्या बटाट्यांवर भागवतो आहे.)

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या दिगंबराचा दोन्ही हात जोडून, आणि पाठ धरल्यामुळे जेमतेम वाकून, नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पण त्या गुडघ्याची कहाणी तू चार पानं सलग लिहू शकलीस, त्यावरून हात ठणठणीत असावा असं अनुमान काढून समाधान मानलं. सूनबाईंना आशीर्वाद. आम्ही इकडे सर्व, यथाशक्ति आणि हवा देईल तितके, सुखरूप आहोत.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे माझ्यावर झालेल्या अन्यायाकडे वळतो. अक्का, माझं आडनाव गेलं आहे. शुक्रवारी दंतवैद्याकडे बसलो होतो. तिथल्या बाईंनी हाक मारली, "मिस्टर पिंडर!" मी मान वळवून सासरे आले की काय ते पाहिलं (येण्याचं कारण नव्हतं, त्यांचे दात घरी, पेल्यात असतात), तर बाई माझ्याकडेच बघून हसत होत्या. शनिवारी पोस्टवालीने तेच केलं. काल खाटकाच्या दुकानात (मी अंडी आणायला जातो, गैरसमज नको) त्या भल्या माणसाने "काय पिंडरसाहेब, डझनभर?" असं विचारलं. सव्वीस वर्षं या गावाने मला पॉटनिस म्हटलं, पोटॅनिस म्हटलं, घाईच्या वेळी नुसतंच "मिस्टर पी" म्हटलं, आणि मी प्रत्येक हाकेला ओ दिली. पण आडनाव चुकीचं उच्चारणं वेगळं आणि दुसऱ्याचं आणून डोक्यावर ठेवणं वेगळं. पोलिसांत जावं तर चोरीला काय गेलं ते सांगायला स्वतःचं नाव सांगावं लागेल, आणि ते हवालदाराला लिहिता येणार नाही.

पिंडर म्हणजे माझ्या सासरचं आडनाव, हे तुला ठाऊक आहे. त्याचा अर्थ काय, हे तू कधी विचारलं नाहीस. मी मात्र गिलियनशी लग्न ठरलं तेव्हा विचारलं होतं. (शास्त्रीबुवांकडे नऊ वर्षं निरुक्त घोकलेल्या माणसाला "पिंडर" ऐकून जे सुचायचं तेच सुचलं. पिंड, पितर, दर्भ, भाताचा गोळा, हे सगळं मी होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं. त्यांनी पाइप बाजूला ठेवून शांतपणे विचारलं, "भातच लागतो का? ओट चालतील?" त्यांच्यापुढे पुन्हा व्युत्पत्ती काढली नाही.) खरा अर्थ साधा निघाला. पिंडर म्हणजे कोंडवाडेवाला. जुन्या इंग्रजीत "कोंडणे" या अर्थाचं एक क्रियापद होतं; ते मेलं आणि जाताना हे आडनाव मागे ठेवून गेलं. शेतं साऱ्या गावाची, मध्ये कुंपण नाही, अशा काळात कुणाची गाय कुणाच्या पिकात शिरली की तिला धरून दगडी कोंडवाड्यात घालायची आणि मालक येईपर्यंत राखायची, हे पिंडरचं काम. गावाने दरवर्षी त्याला निवडायचं आणि मग वर्षभर त्याला शिव्या द्यायच्या. (वाईच्या कोंडवाड्यावर तो मिशाळ माणूस होता, आठवतो? त्याने आपली चंद्री म्हैस दोन दिवस ठेवून घेतली म्हणून अप्पा मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. आपला मुलगा त्याच धंद्यातल्या घराण्यात जावई म्हणून जाणार हे त्यांना कळतं, तर त्यांनी मला पाठशाळेऐवजी कोंडवाड्यातच घातलं असतं.)

पुढे शेतांना कुंपणं पडली, गुरं घरी बसली आणि देशभरचे पिंडर विमा विकू लागले, बस चालवू लागले. त्याचं नवल नाही. इथे दर तिसरा माणूस आडनावाने लोहार, शिंपी किंवा पाणचक्कीवाला आहे, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तर बाहेरून माणूस बोलावतो. आपण तरी काय? पोतनीस म्हणजे खजिन्याचे राखणदार; आपल्या घराण्यात कुणी शेवटचा खजिना पाहिला त्याला दोनशे वर्षं झाली असतील. पण ग्रिंडलबेकमध्ये आडनाव आणि हुद्दा अजून एकाच माणसात नांदतात. ते माझे सासरे, क्लिफर्ड पिंडर. वय चौऱ्याऐंशी, धंद्याने दगडी बांध रचणारे गवंडी, आणि गेली एक्केचाळीस वर्षं गावचे निवडून आलेले कोंडवाडेवाले. मानधन, वर्षाला हातमोज्यांचा एक जोड. अधिकाराची खूण म्हणून टोकाला लोखंडी आकडा असलेली लांब काठी, जी आमच्या दारामागे असते आणि दार उघडणाऱ्याच्या पायावर पडते.

दरवर्षी ईस्टरनंतरच्या गुरुवारी गावसभा भरते आणि पिंडर निवडते. निवडते म्हणजे सभेचे चिटणीस मिस्टर ओल्ड्रॉइड "क्लिफर्ड?" म्हणतात, क्लिफर्ड "हं" म्हणतात, आणि सभा चहाकडे वळते. पिंडर हा आडनावानेही पिंडरच असला पाहिजे असा दंडक आहे. तो कुठे लिहिला आहे, असं मी एकदा ओल्ड्रॉइडांना विचारलं, ते म्हणाले, "लिहिलेला नाही म्हणून तर मोडता येत नाही." यंदा मात्र हिवाळ्यापासून कुजबुज होती. जानेवारीत सासरेबुवा भर पावसात कोंडवाड्यातल्या मेंढीला पेंढा घालायला गेले. ती मेंढी तिचा मालक सोडवून घेऊन गेल्याला चोवीस वर्षं झाली होती. मार्चमध्ये त्यांनी ओल्ड्रॉइडांचा कुत्रा कोंडला, रीतसर कळवलं, सोडला, आणि अर्ध्या तासाने तोच कुत्रा पुन्हा कोंडून पुन्हा रीतसर कळवलं. ओल्ड्रॉइड दोन्ही वेळा आभार मानून गेले. पण दुसऱ्या वेळी फाटकाशी जरा थांबले, ते मी पाहिलं. सासूबाई गेल्यापासून या माणसाला सकाळी बूट चढवायला लावणारी गोष्ट एकच उरली आहे: काठी घेऊन गावाला एक फेरी. काठी गेली तर ते खुर्चीत बसतील आणि एकदा बसले की उठणार नाहीत. हे मला माहीत आहे आणि गिलियनला माहीत आहे. आम्ही ते एकमेकांशी बोललेलो नाही.

अशात झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, आला. (त्याच दिवशी रामनवमी. मी सकाळी सुंठवडा केला. सासरेबुवांनी तो मिरपूड समजून अंड्यावर घातला आणि यंदाची मिरी गोड आहे म्हणाले.) त्या दिवशी चर्चची मिरवणूक निघते, पुढे गाढव (येशू गाढवावरून नगरात आला, त्याची आठवण) आणि मागे झावळ्यांचे क्रूस घेतलेलं गाव. गाढव मॅगी मेटकाफबाईंचं, नाव डॉरिस. बाईंनी तिला चर्चच्या फाटकाशी सोडलं आणि त्या आरशात टोपी नीट करायला आत गेल्या. तेवढ्यात सासरेबुवांची फेरी आली. गावच्या गवतावर बेवारस जनावर चरताना दिसलं. मग आधी चारशे वर्षांची परंपरा की आधी मिरवणूक, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांनी डॉरिसला साठ पावलांवरच्या कोंडवाड्यात नेलं, लाकडी अडणा लावला आणि हेझलच्या झुडपाची काठी तोडून खाचा पाडल्या.

ही काठी समजून घे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जनावर कोंडलं की एका काठीवर आडव्या खाचा पाडून ती उभी चिरतात. अर्धी कोंडवाडेवाल्याकडे राहते, अर्धी ज्याने जनावर धरून आणलं त्याला मिळते. मालकाने आणणाऱ्याला भेटून, त्याची समजूत घालून, ती अर्धी मिळवायची आणि कोंडवाड्यावर यायचं. दोन्ही अर्ध्यांच्या खाचा जुळल्या तर जनावर सुटतं. मला ही व्यवस्था नेहमीच आवडत आली आहे. तिच्यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. फक्त इथे आणणारा आणि कोंडणारा एकच होता.

आमच्या पाद्रीणबाई, फिलिपा, झगा सावरत आल्या. "क्लिफर्ड, लोक खोळंबलेत हो. डॉरिसला सोडता ना?"

"अर्धी काठी आणा आणि घेऊन जा."

"पण काठी तुमच्याकडेच आहे."

"माझ्याकडे माझी. आणणाऱ्याची आणणाऱ्याकडे."

"मग आणलं कुणी?"

"ते मला काय विचारता? मी कोंडवाडेवाला आहे, पंचनामेवाला नाही."

"अरे म्हाताऱ्या, तूच नेलंस तिला!" मेटकाफबाई टोपी हातात धरून ओरडल्या. "मी खिडकीतून बघितलं!"

"मग तेव्हाच ओरडायचं होतंस, मॅगी. गाढव मोकळं सोडून नटत बसली होतीस."

अक्का, त्या दाराला कुलूप नाही. बोटाने ढकलावा असा अडणा आहे. सत्तर माणसं बाहेर पावसात उभी होती, त्यांत तीन शेतकरी होते ज्यांनी आयुष्यात बैल उचलले असतील. पण अडण्याला कुणी हात लावला नाही. कोंडवाडा फोडणं हा जुन्या कायद्यात मोठा गुन्हा, आणि शिवाय ते उद्धटपणाचं दिसलं असतं. लोक काय करावं हे न कळून ओळीत उभे राहिले. (इथल्या माणसांना काही सुचेनासं झालं की ती ओळ लावतात, पुढे काय आहे ते मागाहून पाहतात.) "चारशे वर्षांत कुणी फोडलेला नाही," ओल्ड्रॉइड छत्रीखालून म्हणाले. "मग आज फोडू या की," मेटकाफबाई म्हणाल्या. "आज कसं? रविवार आहे," ओल्ड्रॉइड म्हणाले, आणि विषय संपला.

सासरेबुवा खिसे चाचपू लागले. सुतळी निघाली, दोन पाइप निघाले, अर्धं बिस्किट निघालं, महाशिवरात्रीपासून हरवलेला माझा चष्मा निघाला. काठीची एकही अर्धी निघाली नाही. मग त्यांनी डावा खिसा पुन्हा पाहिला, आणि मग पुन्हा. तिसऱ्या वेळी हात खिशातच राहिला आणि त्यांनी कोंडवाड्याकडे असं पाहिलं, जणू हा इथे कुणी बांधला हेच त्यांना कळेना. गिलियन माझ्या शेजारी उभी होती. ती झाडाच्या शेंड्याकडे बघत होती.

मला राहवलं नाही. मी पुढे झालो आणि, शास्त्रीबुवा जिथे असतील तिथे मला क्षमा करोत, भर पावसात मीमांसा सोडली. म्हटलं, यज्ञात सोमवल्ली मिळाली नाही तर यज्ञ बंद पडत नाही. पूतिका नावाची दुसरी वेल घ्यावी असं शास्त्र आहे, आणि ती घेतली की ती सोमाचंच काम करते. तद्वत मूळ काठी सापडेना तर नवी तोडावी, त्याच खाचा पाडाव्यात, आणि आणणाऱ्याचा प्रतिनिधी म्हणून एक अर्धी मी धरावी. सासरेबुवांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे कुठल्या कोंडवाड्यात चालतं, पोरा?"

"आमच्याकडे."

"जुनं आहे?"

"तीनएक हजार वर्षं."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे तुमच्या लोकांनी बऱ्याच काठ्या हरवलेल्या दिसतात."

पण चाकू काढला. हात मात्र अक्का, बघण्यासारखे होते. चिरलेली काठी अशी उकलली की जणू ती मुळातच दोन होती. तेवढ्यात पाद्रीणबाईंनी शहाणपणा केला. गाढव मिरवणुकीकडे येत नाही तर मिरवणूक गाढवाकडे नेऊ, असं म्हणून त्यांनी सत्तर माणसं गात गात कोंडवाड्याभोवती फिरवली. सासरेबुवांना वाटलं हे आपल्यासाठीच. ते टोपी काढून, आकड्याची काठी ताठ धरून, पोरसवदा शिपायासारखे दाराशी उभे राहिले. डॉरिसने भिंतीवरून मान काढून पाद्रीणबाईंच्या हातातला क्रूस खाल्ला. मग खाचा जुळल्या, गाढव सुटलं, आणि सगळे "छानच झालं नाही का" असं एकमेकांना सांगत घरी गेले. कुणाचाही आवाज खरा नव्हता.

गेल्या गुरुवारी गावसभा झाली. ओल्ड्रॉइड उठले, खोकले, चष्मा पुसला आणि म्हणाले, की क्लिफर्डना मदत म्हणून एक सहायक पिंडर नेमावा अशी एक सूचना आहे (कुणाची ते सांगितलं नाही, इथे सूचना अनौरस असतात), आणि त्यासाठी त्यांच्या जावयांचं नाव पुढे आलं आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गिलियनकडे पाहिलं. तिने विणकाम काढलं.

"परीक्षा न घेताच?" सासरेबुवा म्हणाले. "उठ पोरा. गाभण मेंढी कोंडवाड्यात आणली आणि तिथेच व्याली. आता काय?"

द्रव्य, स्वामित्व, फल, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "कोकरू मेंढीच्या मालकाचं," मी म्हणालो.

"चूक. आधी वारा कुठून येतोय ते बघायचं आणि दोघांना आडोशाला न्यायचं. कोकरू कुणाचं ते उद्या. आता या खुर्चीला दावं बांधून दाखव."

मी बांधलं. त्यांनी एका बोटाने ओढलं आणि ते सुटलं. "खुर्ची पळाली," ते म्हणाले. "नापास."

सभा हसली, मोठं हसली, हवं होतं त्याहून जास्त वेळ. मग ओल्ड्रॉइडांनी कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "क्लिफर्ड?" "हं." झाडून सगळे हात वर झाले. मेटकाफबाईंचे दोन्ही. म्हणजे, एक वर्ष मिळालं.

आणि शुक्रवारपासून मी पिंडर झालो. आता तुला माझ्या तक्रारीची खोली कळेल. या गावाला जे बोलवत नाही ते गाव करतं, हळूहळू, कुणाला दिसणार नाही असं. आधी नाव माझ्याकडे सरकवायचं. लोकांच्या तोंडी बसलं की एखाद्या दिवशी काठीही सरकेल, दंडकही राहील, आणि म्हाताऱ्याला कुणी काही सांगितलं असं होणार नाही. हा सभ्यपणा मी सव्वीस वर्षं पाहतो आहे. पूर्वी त्याचं कौतुक वाटायचं, हल्ली दमायला होतं. दंतवैद्याकडे मी सांगणार होतो की बाई, माझं आडनाव पिंडर नाही. पण तोवर त्यांनी तोंड उघडायला सांगितलं होतं.

असो. बटाटे गार झाले. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, गुडघ्याला तिळाचं तेल.

तुझा
दिगंबर (पुढचं तूर्त रिकामं)

ता.क. मेतकूट संपलं आहे. कुणी इकडे येणारं असेल तर पाव किलो पाठव. एवढ्यासाठीच पत्र लिहिलं होतं, बाकीचं ओघात आलं.

ता.क. दुसरा. हरवलेली काठी सापडली. काल दुपारी चहाची भुकटी काढायला जुना डबा उघडला तर आत एक नव्हे, अकरा अर्ध्या काठ्या. मग घर नीट पाहिलं. गॅसच्या बटणामागे एक अर्धी सुतळीने बांधलेली आहे. औषधांच्या डब्याला एक. मागच्या दाराच्या कडीला एक. गोळी घेतली की अर्धी काढून खिशात टाकायची, म्हणजे खिशात असेल तर काम झालं. हे त्यांनी स्वतः, कुणाला न सांगता, स्वतःसाठी केलं आहे. आपण विसरतो, हे ते विसरलेले नाहीत. मी डबा होता तसा ठेवला.

ता.क. तिसरा. आज सकाळी सुई हवी होती म्हणून गिलियनची शिवणाची पेटी उघडली. तळाशी रुमालात आणखी सात अर्ध्या आहेत. प्रत्येकीला चिठ्ठी, तिच्या अक्षरात तारीख आणि कुठे सापडली ते. पहिली तारीख गेल्या ऑक्टोबरची. मी रुमाल बांधून ठेवला. न्याहारीला मी म्हणालो, "बाबांची तब्येत यंदा छान आहे." ती म्हणाली, "हो ना."

मेतकूट नाही पाठवलंस तरी चालेल. मला एक सांग. भावोजींचं विसरणं सुरू झालं तेव्हा तू मला सहा महिने फोनवर "बरे आहेत" म्हणत होतीस, आणि मी ते खरं मानलं, कारण सोयीचं होतं. त्यानंतर तू मुलांना सांगितलंस. कसं सांगितलंस? पहिलं वाक्य काय होतं? मला नऊ वर्षांच्या संस्कृतात आणि सव्वीस वर्षांच्या इंग्रजीत ते वाक्य सापडत नाही. सासऱ्यांची मला तितकी काळजी नाही, त्यांचं ते बघताहेत. मला भीती वाटते ती ही, की गिलियन ऑक्टोबरपासून हे एकटी सोसते आहे, आणि मी तिच्या शेजारी बसून तिला विनोद सांगतो आहे.